औषध की मंजन? ‘वज्रदंती’चा इतिहास

दात आणि हिरडी ही दोन नावे मराठीत वेगळी असली, तरी त्यांच्या तक्रारी बोलण्यात वेगळ्या राहत नाहीत. हिरडीतून रक्त येऊ लागले, ती सुजली, तिच्यातून पू वाहू लागला, तरी सामान्य माणूस ‘दातांतून रक्त येते’, ‘दात हलतात’ असेच म्हणतो. वस्तुतः प्रौढपणी न किडलेले, धडधाकट दात गळून पडतात ते बहुधा हिरडी आणि तिच्याखालचे हाड खंगल्यामुळे. रोग एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशा ह्या स्थितीत ‘हिरड्यांसाठी’ म्हणून जे दंतमंजन बाजारात येते त्याच्या इतिहासात वनस्पतींइतकाच शब्दांनाही वाटा असावा, हे स्वाभाविकच होय. १९५२ मध्ये मुंबईत निघालेले ‘विको वज्रदंती’ हे मंजन ह्याचे चांगले उदाहरण आहे. ते औषध मानावयाचे की प्रसाधन, ह्या एका प्रश्नावर पाव शतकाहून अधिक काळ न्यायालयांत वाद झाला. आणि त्या वादात वारंवार विचारला गेलेला प्रश्न होता तो असा, की लोक ह्या वस्तूला काय म्हणतात?

हिरडीच्या रोगांचे नामकरण भारतात फार पूर्वी झाले होते. सुश्रुताने मुखरोगांची विभागणी करताना दातांचे रोग आणि ‘दंतमूला’चे, म्हणजे हिरडीचे रोग असे दोन वेगळे वर्ग केले आहेत. दंतमूलाचे पंधरा रोग त्याने सांगितले. त्यांतील ‘शीताद’ म्हणजे हिरडीतून अकस्मात रक्त येणे, ती काळी, ओलसर व दुर्गंधियुक्त होणे. ‘उपकुश’ म्हणजे हिरडीचा दाह व पाक होऊन दात हलू लागणे. आणि ‘दंतवेष्ट’ म्हणजे पू व रक्त वाहून दात ढिले होणे. अर्वाचीन वैद्यांनी पायोरियाला ‘दंतवेष्ट’ हा प्रतिशब्द योजला तो ह्यामुळेच. ‘वेष्ट’ म्हणजे वेढणारे. दाताला वेढणारा भाग आणि त्या भागाचा रोग ह्या दोहोंना एकच शब्द लावण्यात आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुश्रुताच्या चिकित्सेचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. दंतवेष्टात प्रथम दूषित रक्त काढावयाचे. नंतर लोध्र, पतंग, जेष्ठमध आणि लाख ह्यांचे चूर्ण मधात कालवून हिरडीवर चोळावयाचे. ह्या चोळण्यास ‘प्रतिसारण’ अशी संज्ञा आहे. दातांवर साचून कठीण झालेल्या मळास, ज्याला मराठीत कीटण म्हणतात, त्याने ‘शर्करा’ म्हटले असून ती हिरडीस इजा न करता शस्त्राने उकरून काढावी व मग चूर्ण चोळावे, असे सांगितले आहे. म्हणजे चूर्ण हे शस्त्रकर्मानंतरचे काम होते. ते एकटे पुरे पडेल, असे त्याने म्हटलेले नाही. नित्याच्या दंतधावनाचा विचार त्याने वेगळ्या ठिकाणी, दिनचर्येत केला असून तेथे कडू काष्ठांत निंब, तुरटांत खदिर, गोडांत मधूक आणि तिखटांत करंज श्रेष्ठ ठरविला आहे. एक रोग्याची चिकित्सा, दुसरी निरोग्याची दिनचर्या. पुढील सर्व वादाचे बीज ह्या दोन प्रकरणांमधील अंतरात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘पायोरिया’ हा शब्द मराठीत इंग्रजीच्या वाटेने आला. त्याची घडण ग्रीक असून ‘पू’ आणि ‘वाहणे’ हे त्याचे दोन घटक होत. अर्थाच्या दृष्टीने तो रोगाचे नाव नसून केवळ लक्षणाचे वर्णन आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील जॉन रिग्ज (१८११–१८८५) हा दंतवैद्य हिरडीखालचे कीटण खरवडून काढून ह्या रोगावर उपचार करीत असे, आणि त्यावरून तेथे काही काळ हा रोग ‘रिग्जचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई. सुश्रुताची शर्करा आणि रिग्जचे कीटण ह्यांत काळाचे अंतर मोठे असले तरी हत्यार हाती घेतल्याविना भागत नाही, ह्यावर दोघांचे एकमत आहे. परंतु हत्याराची विक्री घरोघर होऊ शकत नाही. मंजनाची होऊ शकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कचा दंतवैद्य रिचर्ड फोरहॅन ह्याच्या नावाची टूथपेस्ट ‘हिरड्यांसाठी’ म्हणून अमेरिकेत गाजली. चाळिशीनंतर पाचांपैकी चौघांना पायोरिया गाठतो, अशी भीती तिच्या जाहिरातींनी १९२०–३० च्या सुमारास घरोघर पोचविली. हीच ‘फोरहॅन्स’ पुढे जेफ्री मॅनर्स ह्या कंपनीमार्फत भारतातही खपू लागली आणि ती दंतवैद्याने तयार केलेली आहे, हे जाहिरातींतून आवर्जून सांगितले जाई. दंतवैद्यांच्या परिभाषेतील एक शब्द गृहिणींच्या तोंडी बसविण्याचे श्रेय वैद्यकापेक्षा अशा जाहिरातींनाच अधिक दिले पाहिजे. मराठीत तो ‘पायोरिया’, ‘पायरिया’ अशा दोन्ही रूपांत रुळला. दुसऱ्या रूपात मधला ‘ओ’ गळाला आहे, आणि बोलीतील वापराची ती खूणच होय.

महाराष्ट्रात त्या वेळी दात साफ करण्याची साधने काही वेगळीच होती. ‘दंतधावन’ ह्या संस्कृत शब्दापासून हिंदीत ‘दातून’ आणि मराठीत ‘दातवण’ हे शब्द आले. पण हिंदीत तो काडीपुरता राहिला, तर मराठीत दातांना लावण्याच्या पुडीसही दातवण म्हणत. खेड्यात बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चघळली जाई. गोवऱ्यांची राखुंडी, कोळशाची पूड, मीठ आणि तेल ही घरची साधने होती. शिवाय तंबाखू भाजून केलेली मिसरी किंवा मशेरी होती, आणि तिचे व्यसन कित्येक स्त्रियांना मंजनाच्या निमित्ताने जडे. तंबाखू हिरडीस बधिर करते, म्हणून दुखणे थांबल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती हिरडीचा नाश करते आणि मुखाच्या कर्करोगास कारण होते. भारत सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त टूथपेस्ट व टूथपावडर ह्यांच्या उत्पादनास व विक्रीस बंदी घातली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. येथे एक भाषिक बाब नमूद करण्यासारखी आहे. मशेरी ‘लावतात’, दात ‘घासतात’. औषधही ‘लावतात’ किंवा ‘घेतात’, ते कोणी ‘घासत’ नाही. सुश्रुताच्या प्रतिसारणाचा भाव ज्या मराठी क्रियापदात उतरला आहे ते ‘लावणे’ किंवा ‘चोळणे’ होय. ब्रश आला तेव्हा त्याबरोबर ‘घासणे’ प्रबळ झाले आणि लक्ष हिरडीवरून दाताकडे वळले.

अशा परिस्थितीत केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळ येथे आपला उद्योग आरंभिला. त्यापूर्वी नागपूर भागात त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. आरंभीचे उत्पादन राहत्या जागेतच होत असे, आणि त्यांचे मुलगे दारोदार जाऊन मालाची विक्री करीत. पहिले उत्पादन वनस्पतिजन्य दंतमंजनाची पूड हे होते. टूथपेस्टचा व्यापार तोपर्यंत परदेशी कंपन्यांच्या हाती होता. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी १९३७ मध्येच स्थापन झाली होती. पांढऱ्या, गोड, फेसाळ पेस्टच्या समोर तपकिरी, तुरट आणि फेस न करणारी पूड घेऊन उभे राहणे धाडसाचे होते. १९५७ मध्ये केशवरावांचे पुत्र गजानन पेंढरकर हे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेऊन व्यवसायात आले; १९७१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर कंपनीची धुरा त्यांच्याकडे आली आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती त्यांच्याच नावाशी निगडित राहिली.

नावाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘विको’ हा शब्द ‘विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ ह्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून तयार झाला आहे. रासायनिक प्रसाधनांच्या विरोधात ज्या उद्योगाने आपली प्रतिमा उभी केली त्याच्या नावातच ‘केमिकल’ असावे, ही गंमतच म्हणावयाची. पण १९५२ मध्ये ‘केमिकल’ हा शब्द भीतीचा नसून प्रतिष्ठेचा होता, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा घटक ‘वज्रदंती’. ही एक काटेरी वनस्पती असून मराठीत तिचे रोजचे नाव कोरांटी, पिवळ्या फुलांची कोरांटी, असे आहे. तिची पाने व मूळ हिरड्यांसाठी चघळण्याची जुनी रीत आहे. वनस्पतिशास्त्रात तिला ‘बार्लेरिया प्रिओनायटिस’ म्हणतात आणि त्यातील दुसरा शब्द ग्रीकमधील ‘करवत’ ह्या अर्थाच्या शब्दावरून घेतला आहे. म्हणजे दोन भाषांनी स्वतंत्रपणे तिच्या काट्यांत दातच पाहिले. हिमालयाच्या भागात ह्याच नावाने अगदी वेगळी वनस्पती ओळखली जाते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘कोरांटी मंजन’ हे नाव मराठी ग्राहकास कळले असते, पण परसातल्या कुंपणाची आठवण देऊन गेले असते. ‘वज्रदंती’ हा बहुव्रीही समास मात्र वज्रासारखे दात असलेली, असे आश्वासनच देतो. ‘दात’ ह्या तद्भवाऐवजी ‘दंत’ हे तत्सम रूप आल्याने तो शास्त्रीय वाटतो, हिंदी, गुजराती व बंगाली भाषकांनाही कळतो, आणि ‘विको’तील ‘व’ पुन्हा ‘वज्र’मध्ये येत असल्याने तोंडात घोळतो. ह्या अनुप्रासाचा जाहिरातीच्या गाण्याने पुढे पुरेपूर उपयोग करून घेतला. मात्र एक लक्षात येते ते असे, की नाव दातांचे आहे; हिरडी त्यात कोठेच नाही.

अठरा वनस्पतींचे हे मिश्रण असल्याचे सांगितले जाई. बाभूळ, जांभूळ, खैर, बोर, बकुळ, मंजिष्ठा, पतंग, जेष्ठमध, लवंग, दालचिनी, अक्रोड, अक्कलकारा आणि स्वतः वज्रदंती ही त्यांतील काही नावे. पतंग आणि जेष्ठमध ही सुश्रुताच्या दंतवेष्टावरील चूर्णातही आहेत. खैर त्याच्या दंतकाष्ठांत आहे. तेव्हा परंपरेशी नाते सांगण्याचा हक्क ह्या मंजनास निश्चित आहे. पण ती परंपरा बंदिस्त नव्हती, हेही हीच यादी सांगते. ‘अक्कलकारा’ हा शब्द अरबीतून आलेला आहे, आणि ‘दालचिनी’ म्हणजे फारसीत ‘चीनचे लाकूड’. संस्कृत संहितांत नसलेली द्रव्ये मध्ययुगातील निघंटूंनी स्वीकारली आणि विसाव्या शतकात ती सर्व सारख्याच ‘प्राचीन’तेने वेष्टनावर येऊन बसली.

ह्या यादीतील बहुसंख्य द्रव्यांचा समान गुण तुरटपणा हा आहे. आयुर्वेद ज्यास कषाय रस म्हणतो त्यामागे बहुतांशी टॅनिन ही द्रव्ये असतात. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात. सालीतील टॅनिन कातडीतील प्रथिनांशी बांधले जाऊन ती घट्ट व टिकाऊ होते. हिरडीच्या पृष्ठभागावर तेच कार्य सौम्य प्रमाणात घडते. ऊती आक्रसते, स्राव कमी होतो, रक्त येणे थांबल्यासारखे होते, आणि तोंडात जो ‘घट्ट’पणा जाणवतो त्यास वापरणारा गुण आल्याचे चिन्ह मानतो. लवंगेच्या तेलाने दुखणे काही काळ बधिर होते. अक्कलकाऱ्याने जीभ चुरचुरते आणि लाळ सुटते. ही सर्व कार्ये खरी आहेत. ती वरवरची आहेत की मूळगामी, हा प्रश्न मात्र राहतोच.

पुडीपासून पेस्टकडे झालेला प्रवास केवळ सोयीचा नव्हता. पूड तळहातावर घेऊन बोटाने हिरड्यांवर चोळावयाची. पेस्ट ब्रशावर घेऊन दात घासावयाचे. कोणत्याही पेस्टमध्ये पुडीच्या कणांना ओले ठेवण्यासाठी ग्लिसरीनसारखा द्रव, ते तळाशी बसू नयेत म्हणून डिंकासारखे बांधणारे द्रव्य, आणि घासण्यासाठी खडूसारखा मऊ खनिज चुरा लागतो. म्हणजे ‘औषधी’ चूर्ण पेस्टमध्ये येताच त्याचा देह प्रसाधनाचा होतो. बाजारपेठेच्या दृष्टीने हे अपरिहार्य होते. चित्रपटगृहांतून, पुढे चित्रफितींतून आणि दूरदर्शनवरून ‘विको’च्या जाहिराती देशभर पोचल्या, १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘ये जो है जिंदगी’ ह्या लोकप्रिय मालिकेची प्रायोजक हीच कंपनी होती. परदेशी गेलेल्या मराठी व गुजराती कुटुंबांमागोमाग नळ्याही गेल्या. जाहिरातीत ‘आयुर्वेदिक’ हा शब्द होता आणि चित्र होते ते सर्व कुटुंबाच्या सकाळचे, हसऱ्या चेहऱ्यांचे. औषधाच्या जाहिरातीत रोगी असतो. येथे रोगी दिसत नसे.

कायद्यापुढे ही दुहेरी ओळख अडचणीची ठरली. १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि प्रमाण ग्रंथांची सूची जोडण्यात आली. तीत चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश ह्यांबरोबर ‘निघंटुरत्नाकर’ आणि शंकर दाजी शास्त्री पदे ह्यांचा ‘आर्यभिषक्’ ही नावेही आहेत. मराठी घरांत फळीवर असणाऱ्या ग्रंथास असे वैधानिक प्रामाण्य मिळावे, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील दुर्लक्षित घटना होय. द्रव्ये ह्या ग्रंथांत आहेत, निर्मितीचा परवाना औषधाचा आहे, म्हणून वस्तू औषध, असा उत्पादकाचा युक्तिवाद होता. उत्पादनशुल्क खात्याचे म्हणणे याच्या उलट होते. प्रसाधनांवरील शुल्क औषधांवरील शुल्काहून बरेच अधिक होते, त्यामुळे हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हता. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या नळीची किंमत त्यावर अवलंबून होती. १९७८ मध्ये हा वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात गेला. तेथे निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे १९८५ चा नवा शुल्क-तालिका कायदा आला, तेव्हा खात्याने प्रश्न नव्याने उकरून काढला. अखेर डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याची अपिले फेटाळून वज्रदंती पूड व पेस्ट आणि त्याच कंपनीची हळदीची क्रीम ह्यांस औषधांच्या वर्गात राहू दिले.

ह्याच काळात, ह्याच नागपूरच्या शुल्क विभागाच्या कक्षेत, दुसऱ्या एका मंजनाचा वाद चालू होता. श्री बैद्यनाथ आयुर्वेद भवन ह्या कंपनीचे ‘दंतमंजन लाल’ हेही आयुर्वेदिक म्हणूनच विकले जाई. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध नव्हे, असा निर्णय दिला. शास्त्रीय किंवा तांत्रिक अर्थापेक्षा सामान्य व्यवहारात लोक शब्दास जो अर्थ देतात तो ग्राह्य धरावा, हे तत्त्व त्यामागे होते. न्यायाधिकरणाची विचारसरणी अशी होती, की औषध सामान्यतः वैद्याच्या सांगण्यावरून, रोग असेपर्यंत, मर्यादित काळ घेतले जाते. मंजन मात्र रोगी-निरोगी सारेच रोज वापरतात. शिवाय त्या मंजनात गेरूचा भाग फार मोठा होता आणि तो औषधासाठी नव्हे, रंगासाठी व भर घालण्यासाठी, असे मानण्यात आले. नव्या शुल्क-तालिकेचा आधार घेऊन कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. पण २००९ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने ते दंतमंजनच ठरविले. नव्या तालिकेत तर अशी टीपच होती, की मुखस्वच्छतेच्या वस्तूंत रोगहारक किंवा रोगप्रतिबंधक गुण असले तरी त्या औषधांच्या प्रकरणात येणार नाहीत.

दोन लाल-तपकिरी मंजने, दोन्ही आयुर्वेदिक, दोन्ही सकाळी वापरावयाची. एक औषध आणि दुसरे प्रसाधन. ह्याचे समाधान मंजनांच्या घटकांत शोधणे व्यर्थ आहे. वज्रदंतीच्या बाबतीत निर्णयाचा मुख्य आधार हा होता, की तिच्या स्वरूपाविषयी पूर्वीच अंतिम निवाडा झालेला असून परिस्थितीत तो फिरविण्याजोगा बदल खात्याने दाखविला नव्हता. बैद्यनाथाच्या प्रकरणात बोलीभाषेची साक्ष प्रमाण ठरली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे दुसरे तत्त्व अधिक विचारणीय आहे, आणि ते वाटते तितके सुलभ नाही. दुकानात जाऊन माणूस ‘मंजन द्या’ किंवा ‘पेस्ट द्या’ म्हणतो, हे खरे. पण हिरडीतून रक्त येऊ लागले म्हणून शेजारीण जेव्हा ‘हे लावून पाहा, औषधी आहे’ म्हणते, तेव्हा तीही बोलीभाषाच बोलत असते. ‘औषध’ हे नाम आणि ‘औषधी’ हे विशेषण ह्यांत मराठी बोलणारा सहज भेद करतो: पहिले वस्तूची जात सांगते, दुसरे तिचा गुण. हळद औषधी असते, औषध असतेच असे नाही. न्यायालयासमोरील शुल्क-तालिकेत अशा विशेषणास जागा नव्हती. तिला एक तर ही, नाही तर ती, अशी नामेच हवी होती.

आता वरवरचे की मूळगामी, ह्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळावयाचे. त्याचे उत्तर न्यायालयांनी नव्हे, दुसऱ्याच एका प्रयोगाने दिले. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा व्यक्तींना दात साफ करणे पूर्ण थांबवावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दातांवर जंतूंचा चिकट थर साचत गेला आणि त्याबरोबर सूज वाढली. सफाई पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे आरंभीच्या अवस्थेत हिरडी बरी करते ती थर दूर करण्याची क्रिया. मग ती काडीने होवो, बोटाने होवो की ब्रशाने. परंतु हा थर कठीण होऊन कीटण बनले आणि हिरडीखाली गेले, म्हणजे तेथे कोणतीही पूड अथवा पेस्ट पोचत नाही. तेथे रिग्जचे खरवडणे आणि सुश्रुताचे शस्त्रच लागते. ह्या दृष्टीने पाहता तुरट मंजनाचा एक दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. रक्त दिसेनासे झाले की माणूस दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर टाकतो, आणि हाड खंगण्याचे काम मात्र विनावेदना चालूच राहते. फोरहॅनच्या जाहिरातींनी पायोरियाची भीती दाखविली, वज्रदंतीच्या जाहिरातींनी परंपरेचा भरवसा दिला; हत्याराविषयी दोहोंकडे मौनच होते. वज्रदंतीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की जो वर्ग परदेशी पेस्टला परका होता आणि मशेरीस सोकावला होता त्यास तिने तंबाखूविरहित, तोंडास परिचित चवीचे आणि रोज वापरता येण्याजोगे साधन दिले. हे थोडे काम नव्हे.

शुल्काच्या वादाचा पुढील भाग थोडक्यात सांगता येतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा टूथपेस्टवर १८ टक्के, दंतमंजनाच्या पुडीवर १२ टक्के आणि आयुर्वेदिक औषधांवर १२ टक्के असे दर ठरले. पूड आणि औषध एका पायरीवर आले. पेस्ट तेवढी वर राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे तिन्ही दर ५ टक्क्यांवर आणण्यात आले आणि ज्या भेदासाठी ठाण्यापासून दिल्लीपर्यंत कागद गेले त्यास करापुरता अर्थ उरला नाही. निर्मितीचा परवाना, प्रमाण ग्रंथांची सूची आणि वेष्टनावरील मजकूर ह्यांचे नियम मात्र औषधास व प्रसाधनास आजही वेगवेगळे आहेत.